कंट्रोल रूममधील नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचे पहिले वापरकर्ते

वडोदरा शहरालगत कोयली येथे असलेली इंडियन ऑइल कॉर्पोरेशनची गुजरात रिफायनरी सोव्हिएत संघाच्या तांत्रिक साहाय्याने उभी राहिली. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी १० मे १९६३ रोजी तिची पायाभरणी केली, १९६५ मध्ये तिचा पहिला ऊर्ध्वपातन संच सुरू झाला आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते तिचे रीतसर उद्घाटन झाले. अंकलेश्वर आणि उत्तर गुजरातच्या तेलक्षेत्रांतून येणारे खनिज तेल शुद्ध करण्यासाठी वर्षाला वीस लाख टनांच्या मूळ आराखड्यावर बांधलेल्या या कारखान्याची क्षमता आता सुमारे १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत पोहोचली आहे. १९८२ मध्ये येथे जड तेलाचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने विघटन करणारा संच आला, तर १९९३ मध्ये देशातला पहिला हायड्रोक्रॅकर, म्हणजे उच्च दाबाखाली हायड्रोजनच्या सान्निध्यात जड तेल फोडून डिझेलसारखी हलकी इंधने मिळवणारा संच, येथेच कार्यान्वित झाला. एका आवारात तीन दशकांच्या अंतराने उभारलेले संच शेजारी शेजारी चालतात, तेव्हा त्यांच्याबरोबर नियंत्रणाच्या पद्धतींच्याही पिढ्या एकत्र नांदतात, आणि अशा कारखान्यांतल्या कामगारांना आपल्या नोकरीच्या काळात एकदा नव्हे, दोनदा किंवा तीनदा संपूर्ण नव्या व्यवस्थेशी जुळवून घ्यावे लागते.

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर सामान्य वापरकर्त्याला येणारे अनुभव परिचित आहेत. ओळखीची खूण जागेवर सापडत नाही, जुना मुद्रक चालेनासा होतो, चार दिवस चिडचिड होते आणि मग हात वळतो. घरी वा कचेरीत या चिडचिडीची किंमत फारशी नसते, कारण मधल्या काळात काम थांबवता येते. रिफायनरीत ते थांबवता येत नाही. भट्टीत तापलेले तेल मनोऱ्यात चढत असते, त्याचे पृथक्करण रात्रंदिवस चालू असते आणि एखादा संच बंद करून पुन्हा सुरू करण्यात कित्येक दिवस जातात. त्यामुळे येथे नव्या प्रणालीचा पहिला अनुभव हा नेहमी चालत्या संचावरचा अनुभव असतो. या पहिल्या वापरकर्त्यांच्या, म्हणजे पाळीवर बसणाऱ्या पॅनेल ऑपरेटरांच्या, तक्रारींकडे जगभर दीर्घकाळ 'बदलाला विरोध' म्हणून पाहिले गेले. त्या तक्रारींपैकी बऱ्याच पुढे तांत्रिकदृष्ट्या अचूक ठरल्या आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्याच आंतरराष्ट्रीय मानकांच्या रूपाने परत आल्या.

या तक्रारी समजून घ्यायच्या तर आधी जुनी व्यवस्था पाहावी लागते. रिफायनरीतले नियंत्रण म्हणजे मुख्यतः चार राशींवर ठेवलेला ताबा असतो: तापमान, दाब, प्रवाह आणि पातळी. प्रत्येक राशीसाठी एक मापक, एक नियंत्रक आणि एक व्हॉल्व्ह अशी साखळी असते आणि तिला लूप म्हणतात. ऑपरेटर हवे ते मूल्य, म्हणजे सेटपॉइंट, ठरवून देतो. नियंत्रक प्रत्यक्ष मोजलेले मूल्य त्याच्याशी ताडून पाहतो आणि फरकानुसार व्हॉल्व्ह कमी-अधिक उघडतो. १९६० च्या दशकातल्या रिफायनऱ्यांत हे सारे प्रामुख्याने दाबलेल्या हवेवर चालत असे. प्रति चौरस इंच ३ ते १५ पौंड या कक्षेतला हवेचा दाब हाच संदेश असे. ३ म्हणजे शून्य टक्के आणि १५ म्हणजे शंभर टक्के. पुढे त्याची जागा ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युत संदेशाने घेतली. दोन्हींत कक्षा शून्यापासून सुरू न करण्यामागे एक शहाणपण होते: नळी फुटली किंवा तार तुटली तर संदेश थेट शून्यावर येतो, आणि खरोखरीचे शून्य मूल्य व उपकरणाचा बिघाड यांतला फरक ताबडतोब कळतो.

हे सारे नियंत्रक कंट्रोल रूममध्ये एका लांबच लांब पोलादी पॅनेलवर ओळीने बसवलेले असत. त्यांच्या शेजारी कागदाच्या पट्टीवर शाईच्या लेखणीने आलेख काढणारे नोंदक असत, आणि वरच्या बाजूला लहान चौकोनी काचांची रांग असे. त्या प्रत्येक काचेवर एकेका धोक्याच्या सूचनेचे नाव कोरलेले असे आणि ती स्थिती उद्भवली की त्यामागचा दिवा लुकलुकत भोंगा वाजे. भट्टीची उपकरणे पॅनेलच्या एका टोकाला आणि मनोऱ्याची दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी साधारणपणे संचाच्या रचनेला धरून केलेली असल्याने पॅनेलसमोरून एक चक्कर मारली की अनुभवी माणसाला संचाची एकूण तब्येत कळत असे. आकडे वाचण्याची त्याला फारशी गरज पडत नसे. सगळे काटे आपापल्या नेहमीच्या कलात आहेत की एखादा वेगळा उभा आहे, हे नजरेच्या कडेनेही दिसे. शिवाय नोंदकाच्या लेखणीचा आवाज, भोंग्याची दिशा, शेजारच्या सहकाऱ्याने कोणत्या उपकरणाकडे धाव घेतली, या सगळ्यातून माहिती मिळत असे. ही माहिती कोणी मुद्दाम पुरवलेली नव्हती. ती पॅनेलच्या आकारातूनच आपोआप उपलब्ध होत होती, आणि म्हणून नवी व्यवस्था आखणाऱ्यांच्या यादीत तिची नोंदच झाली नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने टीडीसी २००० आणि जपानमधल्या योकोगावा कंपनीने सेंटम ही प्रणाली बाजारात आणली, आणि तेथून डीसीएसचे, म्हणजे विकेंद्रित नियंत्रण प्रणालीचे, युग सुरू झाले. यात संचाचे नियंत्रण एकाच मोठ्या संगणकाकडे न सोपवता अनेक लहान नियंत्रकांत वाटलेले असते. प्रत्येक नियंत्रक आपापले काही लूप सांभाळतो आणि सगळे एका जाळ्याने ऑपरेटरच्या पडद्यांशी जोडलेले असतात. एखादा नियंत्रक बिघडला तरी बाकीचा संच चालू राहतो, आणि महत्त्वाच्या ठिकाणी त्याला जोडीदार म्हणून दुसरा नियंत्रक सज्ज ठेवलेला असतो. अचूकता, नोंदींची साठवण, दूरवरच्या संचांचे एकाच खोलीतून नियंत्रण आणि एकमेकांवर अवलंबून असलेल्या लूपची गुंतागुंतीची गणिते, या सर्व बाबतींत ही व्यवस्था पॅनेलपेक्षा निःसंशय सरस होती. पॅनेलच कायम ठेवायला हवे होते, असे आज कोणी गांभीर्याने म्हणणार नाही.

तरीही पडद्यासमोर बसलेल्या पहिल्या ऑपरेटरांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले. सात-आठ मीटर लांबीच्या पॅनेलवर एकाच वेळी दिसणारे शेकडो काटे आता दोन-तीन पडद्यांमागे गेले होते आणि एका वेळी त्यांतले आठ-दहाच समोर येत होते. दाराच्या फटीतून घर पाहण्यासारखी ही स्थिती होती. एका लूपवर काम करताना दुसरीकडे काय बिघडते आहे ते दिसत नसे. तो पडदा बोलावायचा तर त्याचे नाव किंवा क्रमांक आठवावा लागे, आणि तो उमटेपर्यंतचे काही क्षण गडबडीच्या वेळी फार मोठे वाटत. काटा जाऊन आकडा आला होता आणि आकडा वाचावा लागतो. ७२.४ हा आकडा चांगला की वाईट, हे ठरवायला त्याची मर्यादा आठवावी लागते. काट्याच्या बाबतीत ते काम डोळाच करून टाकत असे. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांतील कामगारांचा असाच अनुभव नोंदवला आहे. यंत्राजवळ उभे राहून वास, स्पर्श आणि आवाज यांवरून प्रक्रिया ओळखणारी माणसे पडद्यासमोर बसल्यावर, आकडे म्हणजेच प्रक्रिया यावर विश्वास ठेवायला अडखळत होती. त्याआधी १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली होती: स्वयंचलन जितके चांगले, तितका माणसाचा रोजचा सराव कमी, आणि मग यंत्र हात टेकते त्या सर्वांत अवघड क्षणी सरावच नसलेल्या माणसाकडे सूत्रे येतात.

या पहिल्या लाटेत एक गोष्ट मात्र टिकली आणि तिच्यामुळे संक्रमण सुसह्य झाले. ती म्हणजे उपकरणांची टॅग नावे. एफआयसी-१०१ यात एफ म्हणजे प्रवाह, आय म्हणजे दर्शक, सी म्हणजे नियंत्रक आणि पुढे क्रमांक. टीआय म्हणजे तापमानाचा दर्शक, एलआयसी म्हणजे पातळीचा नियंत्रक. पॅनेलवरच्या पट्टीवर जे नाव, तेच नाव व्हॉल्व्हला बांधलेल्या पत्र्यावर, तेच आराखड्यात आणि तेच नव्या पडद्यावर. गायकवाडी काळापासून मराठी, गुजराती आणि हिंदी एकमेकींत मिसळत आलेल्या वडोदऱ्याच्या परिसरात तर वॉकी-टॉकीवरचे वाक्य कोणत्याही भाषेत सुरू झाले तरी त्यातला टॅग तोच राहतो. नवी प्रणाली आखताना 'सुधारणा' म्हणून या नावांना हात लावण्याचा मोह कोणाला झालाच, तर तो तिथल्या तिथे मोडून काढावा, हे या क्षेत्रातले जुने शहाणपण आहे.

दुसरी लाट १९९० च्या दशकात आली आणि खऱ्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न येथे उभा राहिला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्यामध्ये बसलेली मूलभूत व्यवस्था. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, स्मृती कशी वाटायची, कळफलक व पडदा यांच्याशी संवाद कसा साधायचा, हे ती ठरवते. सुरुवातीच्या डीसीएसमध्ये ही व्यवस्था कंपनीची स्वतःची आणि बंदिस्त असे, तिचा कळफलकही वेगळा असे आणि त्यावर अलार्म, आलेख, गट अशा कामांसाठी ठरलेल्या कळा असत. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर मात्र ऑपरेटरचे पडदे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीवर आणण्याकडे जवळजवळ सर्व उत्पादक वळले. योकोगावाची सेंटम सीएस ३००० ही १९९८ मधली प्रणाली हे याचे एक उदाहरण. कारणे उघड होती. बाजारात मिळणारे संगणक स्वस्त पडत, त्यांचे सुटे भाग सहज मिळत, आलेख काढणाऱ्या तयार आज्ञावल्या वापरता येत आणि संचाची माहिती व्यवस्थापनाच्या टेबलावरील संगणकापर्यंत पोहोचवणे सोपे होई.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्याच्याविषयीचा गैरसमज पहिल्या वापरकर्त्यांच्या भीतीचे मोठे कारण होता. विंडोज ही 'वास्तव-वेळ' प्रणाली नाही. वास्तव-वेळ प्रणालीत एखादे काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण होईलच, अशी हमी असते. विंडोजसारखी सर्वसाधारण प्रणाली बहुतेक वेळा झटपट काम करते, पण मुदतीची हमी देत नाही. म्हणून व्हॉल्व्ह हलवण्याचे प्रत्यक्ष काम तिच्याकडे दिलेले नसते. ते काम स्वतंत्र नियंत्रकांत, त्यांच्या स्वतःच्या छोट्या आणि काटेकोर वास्तव-वेळ प्रणालीवर चालते, आणि धोक्याच्या वेळी संच आपोआप सुरक्षितपणे बंद करणारी इंटरलॉक व्यवस्था त्याहूनही वेगळी असते. त्यामुळे ऑपरेटरसमोरचा पडदा निळा पडून गोठला तरी लूप चालूच राहतात. ऑपरेटर तेवढ्या वेळापुरता आंधळा होतो, संच होत नाही. ही गोष्ट आराखडा करणाऱ्या अभियंत्याला इतकी स्वयंसिद्ध वाटते की ती सांगायची राहून जाते. ज्याने घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकावर विंडोज कोसळताना पाहिलेली असते, त्याला मात्र तीच खूण भट्टीच्या पडद्यावर दिसल्यावर धडकी भरते. ही धास्ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकन नौदलाची यॉर्कटाउन ही युद्धनौका व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे पावणेतीन तास समुद्रात निष्प्राण पडून राहिली. विंडोज एनटीवर चालणाऱ्या तिच्या यंत्रणेत एका खलाशाने एका रकान्यात शून्य भरले, त्याने भागाकार करताना आज्ञावली कोलमडली आणि तिच्याबरोबर जाळ्यावरचे संगणकही बसले. दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा की तिच्यावरच्या आज्ञावलीचा, हा वाद पुढे बराच रंगला. नौका हलत नव्हती ती नव्हतीच.

विंडोजबरोबर ऑपरेटरच्या हाती माउस आला आणि ठरलेल्या कळा गेल्या. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल हातांच्या सवयीवर मोठा आघात होता. समर्पित कळफलकावर अलार्म मान्य करण्याची कळ बोटाला न बघता सापडत असे. माउसने तेच करायचे तर आधी पडद्यावरचा बाण कुठे आहे ते शोधावे लागते. एकावर एक खिडक्या उघडता येणे ही कचेरीत सोय असते, कंट्रोल रूममध्ये मात्र एखादी खिडकी नेमक्या त्या आकड्यावर आडवी बसण्याची शक्यता असते. एका लूपची खिडकी उघडली आहे असे समजून दुसऱ्याच लूपचा सेटपॉइंट बदलणे, दशांश चिन्ह चुकून ५.० च्या जागी ५० भरणे, या चुका जुन्या पॅनेलवर जवळजवळ अशक्य होत्या, कारण तेथे खुंटी फिरवत नेताना काटा डोळ्यांसमोर सरकत असे. पुढे प्रणालींत मर्यादेबाहेरचे मूल्य नाकारण्याची आणि मोठ्या बदलापूर्वी खात्री विचारण्याची सोय आली, ती अशाच चुकांतून.

सर्वांत गंभीर तक्रार अलार्मची होती. जुन्या पॅनेलवर प्रत्येक अलार्मसाठी काच, दिवा, तार आणि जागा लागे. म्हणजे प्रत्येक अलार्मला किंमत होती आणि म्हणून तो खरोखर हवा का, यावर वाद होऊनच तो बसवला जाई. डीसीएसमध्ये अलार्म जोडणे म्हणजे एका रकान्यात एक आकडा भरणे. प्रत्येक मापकाला उच्च, अतिउच्च, नीच आणि अतिनीच अशा चार मर्यादा देता येतात, त्या देण्यास खर्च येत नाही, आणि एखादा अलार्म का ठेवला नाही असे उद्या कोणी विचारण्यापेक्षा ठेवलेला बरा, ही अभियंत्याची स्वाभाविक वृत्ती असते. परिणामी ज्या संचाच्या पॅनेलवर शंभरभर काचा मावत, त्याच्या नव्या प्रणालीत अलार्मांची संख्या सहज हजारांत जाते. ऑपरेटर कुरकुरत राहिले की पडदा सतत ओरडतो, त्यातला बहुतेक आरडाओरडा निरर्थक असतो आणि म्हणून खरा अलार्म त्यात बुडून जातो. त्यांना उत्तर मिळे, सवय होईल.

२४ जुलै १९९४ रोजी ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको रिफायनरीत जो स्फोट झाला, त्याने या उत्तराची किंमत दाखवून दिली. सकाळी विजांच्या वादळामुळे संचात अडथळे आले, ते सावरण्याची धडपड सुमारे पाच तास चालली आणि अखेरीस क्रॅकिंग संकुलात स्फोट होऊन सव्वीस जण जखमी झाले. एक नियंत्रण व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद राहिला होता आणि पडदा मात्र तो उघडा असल्याचे दाखवत होता. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. सरासरी काढली तर दर अडीच सेकंदांना एक. इतक्या वेळात अलार्म वाचून तो कोणत्या उपकरणाचा हे उमगणेही कठीण, मग त्यावर विचार करून कृती करणे दूरच. ब्रिटिश सुरक्षा यंत्रणेच्या १९९७ च्या अहवालाने अलार्मांच्या अतिरेकाबरोबर आणखी एका उणिवेवर बोट ठेवले: संपूर्ण प्रक्रियेचे एकत्रित चित्र, म्हणजे किती माल आत येतो आणि किती बाहेर जातो याचा ताळा, दाखवणारा पडदा ऑपरेटरांजवळ नव्हता. पॅनेल गेल्यावर पहिल्या वापरकर्त्यांना जे हरवल्यासारखे वाटले होते, नेमके तेच आता चौकशी अहवालात शब्दबद्ध झाले.

कोयलीप्रमाणे हायड्रोक्रॅकर चालवणाऱ्या प्रत्येक रिफायनरीने अभ्यासावा असा दुसरा प्रसंग कॅलिफोर्नियातील मार्टिनेझजवळच्या टॉस्को कंपनीच्या एव्हन रिफायनरीतला आहे. हायड्रोक्रॅकरमधली अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी असते. तापमान वाढले की ती वेगाने होते आणि वेग वाढला की तापमान आणखी वाढते, त्यामुळे मर्यादा ओलांडताच दाब सोडून देणे हा एकच खात्रीचा उपाय उरतो. २१ जानेवारी १९९७ रोजी तेथे तापमान असेच हाताबाहेर गेले, रिअॅक्टरची बाहेर जाणारी वाहिनी फाटली, एका ऑपरेटरचा मृत्यू झाला आणि शेहेचाळीस जण जखमी झाले. तेथे तापमानाची माहिती एका जागी नव्हती. ती वेगवेगळ्या तीन मापनव्यवस्थांत विखुरलेली होती आणि त्यांतली काही मूल्ये रिअॅक्टरखालच्या पॅनेलवर जाऊन वाचून वॉकी-टॉकीवरून कळवावी लागत. कंट्रोल रूममधल्या नोंदयंत्रावरचे आकडे शून्य आणि अतिउच्च यांच्यात उड्या मारत असल्यामुळे ते खरे की उपकरण बिघडले, असा संभ्रम ऑपरेटरांना पडला. खातरजमा करायला जो माणूस बाहेर गेला, तोच बळी पडला. जुनी आणि नवी व्यवस्था एकाच संचावर शेजारी शेजारी राहते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या दुर्घटनेने अत्यंत कठोरपणे दाखवले.

या अनुभवांतून मानके घडली. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये ईईएमयूए १९१ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आणि स्थिर चालणाऱ्या संचात एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा अधिक अलार्म येऊ नये, असे माप तिने घालून दिले. मोठा बिघाड झाल्यावरही पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या आत अलार्म यावेत, ही तिची अपेक्षा. २००९ मध्ये अमेरिकेत आयएसए-१८.२ हे अलार्म व्यवस्थापनाचे मानक आले. ज्यावर ऑपरेटरने काही कृती करणे अपेक्षित नाही तो अलार्मच नव्हे, हे त्याचे मूळ सूत्र. २०१५ मध्ये पडद्यांच्या रचनेविषयीचे आयएसए-१०१ आले आणि त्या सुमारास पडद्यांचे रूप बदलू लागले.

रंगांचा प्रश्न या रूपांतराशी जोडलेला आहे. रंगीत पडदे आल्यावर चित्रे सजवण्याची हौस शिगेला पोहोचली. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या, लाल, पिवळ्या, निळ्या रेषा, त्रिमितीय टाक्या, फिरणारे पंप, भट्टीत नाचणाऱ्या ज्वाला. भेटीला आलेल्या पाहुण्यांना असा पडदा फार आवडतो. बारा तास किंवा आठ तास त्याच्यासमोर बसणाऱ्याला त्यातून काय बिघडले आहे ते कळत नाही, कारण सगळेच चमकत असते. शिवाय रंगांचा अर्थही सर्वत्र एक नाही: प्रक्रियेकडच्या अनेक कारखान्यांत चालू पंप हिरवा आणि बंद पंप लाल दाखवतात, तर विद्युत विभागाच्या परंपरेत लाल म्हणजे प्रवाह चालू आणि हिरवा म्हणजे बंद. एकाच मोटारीकडे दोन विभाग दोन पडद्यांवरून पाहतात तेव्हा या परंपरांची टक्कर होते. नव्या मानकांना अनुसरणारा पडदा याउलट जवळजवळ करडा असतो. करडी पार्श्वभूमी, करड्या वाहिन्या, आकड्याशेजारी सामान्य कक्षा दाखवणारी छोटी पट्टी आणि तिच्यावर सरकणारी खूण, आणि रंग फक्त अलार्मसाठी राखलेला. थोडक्यात, काटा परत आला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला असा पडदा निर्जीव वाटतो, म्हणूनच तो मंजूर करून घेताना अभियंत्यांची दमछाक होते.

प्रत्यक्ष बदल कसा घडवला जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. आधी उत्पादकाच्या कारखान्यातच संपूर्ण प्रणाली मांडून, खोटे संदेश देऊन तिची परीक्षा घेतात. याला फॅक्टरी स्वीकृती चाचणी म्हणतात. ऑपरेटरांना प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर मिळतो, म्हणजे संचाचे गणिती प्रतिरूप, ज्यावर वीज जाणे, पंप बंद पडणे, भट्टी विझणे असे प्रसंग धोक्याविना अनुभवता येतात. यानंतर दोन मार्ग असतात. संच नियोजित दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असताना सारे बदलून टाकणे हा सोपा मार्ग, पण अशी संधी काही वर्षांतून एकदाच येते. दुसरा मार्ग हॉट कटओव्हरचा: संच चालू ठेवून एकेक लूप जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेणे. त्या वेळी फील्ड ऑपरेटर व्हॉल्व्हजवळ उभा राहून बाजूच्या वाहिनीतून प्रवाह हाताने सांभाळतो, तंत्रज्ञ तारा काढून नव्या जोडणीत बसवतो, पॅनेल ऑपरेटर नव्या पडद्यावर मूल्य जुळते का ते पाहतो आणि सगळे जुळल्यावरच लूप स्वयंचलित केला जातो. शेकडो लूप असलेल्या संचात हे काम आठवडेच्या आठवडे चालते. या काळात ऑपरेटरच्या एका हाताशी जुना पडदा आणि दुसऱ्या हाताशी नवा असतो आणि कोणता लूप आज कोठे आहे, याची यादी भिंतीवर लावलेली असते. एव्हनच्या दुर्घटनेची आठवण ठेवली तर या यादीचे मोल वेगळे सांगायला नको.

विंडोजच्या स्वीकारामुळे आणखी एक विसंगती कायमची मागे लागली. रिफायनरीतली उपकरणे वीस-पंचवीस वर्षे चालावीत या हिशेबाने घेतलेली असतात, तर विंडोजच्या एका आवृत्तीला मिळणारा आधार साधारण दहा-बारा वर्षांत संपतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार थांबला. विंडोज ७ साठी ती तारीख १४ जानेवारी २०२० होती आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५. आधार थांबला म्हणजे सुरक्षेतली छिद्रे बुजवणारी पुरवणी येणे थांबले. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने विंडोजवर चालणाऱ्या सीमेन्सच्या औद्योगिक आज्ञावल्यांमधून थेट यंत्रांपर्यंत शिरकाव केल्यानंतर या छिद्रांकडे दुर्लक्ष करणे शक्य राहिले नाही. दुसरीकडे पुरवणी घालायची तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो, आणि डीसीएस उत्पादकाने ती तपासून संमती दिल्याशिवाय ती घालता येत नाही. बदल हा आता कंट्रोल रूमच्या आयुष्यात एकदा येणारा प्रसंग राहिलेला नाही. दर काही वर्षांनी तो येतच राहणार आहे.

म्हणून पुढच्या बदलाची निविदा काढताना कारखान्यांनी एक पथ्य पाळावे. पडद्यांचे आराखडे अंतिम होण्यापूर्वी ते सर्व पाळ्यांतल्या पॅनेल ऑपरेटरांसमोर सिम्युलेटरवर ठेवावेत, रात्रपाळीच्या उत्तरार्धातही त्यांची चाचणी घ्यावी, सर्वांत वाईट दहा मिनिटांचा प्रसंग मुद्दाम घडवून पाहावा, आणि ऑपरेटरांनी घेतलेला प्रत्येक आक्षेप त्यावर काय निर्णय झाला त्याच्यासह लिहून ठेवावा. स्वीकृती चाचणीच्या कागदावर उत्पादकाच्या आणि प्रकल्प अभियंत्याच्या सहीबरोबर पाळीवरच्या ऑपरेटरचीही सही असल्याशिवाय नवी प्रणाली चालत्या संचाला जोडू नये.